ओढायची नाही, उचलायची

भिमाबाईची जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं, असं तिचा धाकटा दीर कचरू म्हणायचा. म्हणायचा म्हणजे तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची छाती चौसाळ्याच्या शिवारात कुणाची नव्हती. ऊसतोडीला गेली की तिच्या शेजारच्या सरीतला गडी दुपारपर्यंत मागे पडायचा आणि मग दिवसभर कोयत्याच्या धारेला नावं ठेवत बसायचा. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. घरात ती आणि सासू मनकर्णा, अशा दोघीच. मनकर्णाचे डोळे जवळजवळ गेलेले, पण कान असे की शेजारच्या घरात भाकरी थापली तर ती ज्वारीची की रेशनच्या तांबड्या मिलोची हे आवाजावरून सांगायची.

बाहत्तर साली पावसाने तोंड फिरवलं. कारखान्यांवरही ऊस नव्हता, त्यामुळे ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर गेल्या आणि संक्रांतीच्या पुढे-मागे परत आल्या. येऊन बघतात तर वस्तीची विहीर तळाला गेलेली. गावाकडे पाण्याची गाडी यायची, ती गावातच रिकामी व्हायची. बौद्ध वस्ती गावापासून लांब, माळावर. वस्तीतल्या लोकांनी मिळून सामुदायिक शेतीची सोसायटी काढली होती, सरकारकडून गायरान मिळवलं होतं, दगड वेचून रान तयार केलं होतं. सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. टेकडीपलीकडच्या सरकारी विहिरीला पाणी होतं आणि ते न्यायची परवानगीही होती. पण ते डोक्यावरून आणायचं म्हणजे एका खेपेत सकाळ सरायची, आणि दुसऱ्या खेपेला अंगात त्राण नसायचं. मग दुष्काळी कामावर खडी फोडायला कधी जायचं?

कचरू वस्तीच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. तो तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या सभेला गेला, पाणी वाहायला एखादी मालमोटार द्या म्हणून. भिमाबाईही सभासद, तीही गेली. संघाचे चेअरमन सुंदरराव, चौसाळ्याचे मोठे बागायतदार. माणूस दुष्ट नव्हता, पण चारचौघांत विनोद केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

"गाडी पायजे?" सुंदरराव म्हणाले. "आपली जुनी गाडी नाल्याकाठी मढं होऊन पडलीय की! पाडव्याच्या आत वढून न्या. पाडव्यानंतर भंगारवाला येतोय. आन् मेलेलं वढायची तुमाला जुनी सवय हाय."

सभा हसली.

यातलं विष सभेतल्या प्रत्येकाला कळलं होतं. गावात बैल मेला, गाय मेली, की ती दोरखंड बांधून ओढून न्यायची, हे काम पिढ्यान् पिढ्या याच लोकांच्या गळ्यात होतं. छप्पन साली वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला आणि त्याच आठवड्यात घराघरातले दोरखंड गोळा करून माळावर पेटवून दिले. भिमाबाई तेव्हा नवी नवरी. तिच्या सासूने स्वतःच्या हाताने आपल्या घरचा दोर आगीत टाकलेला तिने पाहिला होता. त्या दिवसापासून वस्तीतला कुणी मेलेलं काही ओढत नव्हता. गावाने पाणी तोडलं, काम तोडलं, तरी नाही.

भिमाबाई उभी राहिली.

"नेऊ आमी गाडी," ती म्हणाली. "पन वढून न्हाई न्यायची. ती आपल्या चाकावर, आपल्या जोरावर येईल."

सभा आणखी हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

परत येताना वस्ती दिसायला लागली तेव्हा कचरूचा बांध फुटला.

"वैनी, कावून बोललात तसं? दोन बैलजोड्या ठरवल्या असत्या, वढून वस्तीत आनली असती, निवांत दुरुस्त केली असती. ती लोखंडाची हाय, तिला काय कातडं न्हाई का शिंगं न्हाईत."

"सुंदरराव काय म्हनला ते ऐकलं न्हाई?"

"ऐकलं. पन त्याच्या बोलन्यानं लेकरांची तहान भागती व्हय?"

भिमाबाई फणकाऱ्याने घरात गेली, पण त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही. गाडी पाडव्याच्या आत आपल्या जोरावर उठली नाही, तर ती भंगारात जाणार, आणि वस्ती सगळा उन्हाळा टेकडी चढणार ती भिमाबाईच्या एका वाक्यापायी. हे तिला पुरतं कळत होतं.

शहादेव वस्तीतलाच. पलटणीत ड्रायव्हर होता, पेन्शन घेऊन आलेला. गाडी बघितल्यावर तो बायको माहेराहून आल्यासारखा खुलला. दुसऱ्या महायुद्धातली गाडी होती ती. लढाई संपल्यावर सरकारने अशा गाड्या लिलावात काढल्या, तशी संघाने घेतलेली. पुष्कळ वर्षं तिने कापूस वाहिला, शेंगा वाहिल्या. मग एकदा वाजवीपेक्षा जास्त माल घेऊन नाला उतरताना तिच्या पोटातून काडकन आवाज आला आणि ती तिथेच बसली. मागचा लाकडी हौदा लोकांनी फळी फळी करून चुलीत घातला होता. उरली होती चाकं, इंजिन आणि पुढची लोखंडी केबिन. केबिनीत होल्यांनी घरटं केलेलं.

शहादेव गाडीखाली सरपटत गेला, बराच वेळ दिसला नाही, आणि तोंडाला माती लावून बाहेर आला.

"इंजिन बरं हाय. जाम झालंय, पन बरं हाय. मोडलाय तो कणा. हिच्या अंगाखालनं दोन लांब लोखंडी पट्ट्या जात्यात, त्यातली एक केबिनीच्या बरोबर खाली चिरलीय. तिला वरनं जोड मारावा लागंल. त्याच्यासाठी केबिन काढून बाजूला ठेवावी लागंल."

"मग काढ की," भिमाबाई म्हणाली.

"पलटणीत क्रेन असायची, बाई. हितं काय हाय?"

"हितं आमी हाओत."

झालं. शहादेवने रॉकेल पाजून पाजून गंजलेले बोल्ट ढिले केले. स्टिअरिंगचं चाक उतरवलं, वायरी सोडल्या, वजन कमी व्हावं म्हणून दोन्ही दारं काढली. दारं काढल्यावर त्याने एक शहाणपण केलं. दाराच्या दोन्ही मोकळ्या चौकटींत त्याने बांबू आडवे-तिरपे घालून करकचून बांधले. दाराविना केबिन म्हणजे झाकणाविना डबा. उचलताना ती तोंड वासते आणि पुन्हा जाग्यावर बसत नाही, असं तो म्हणाला. ऊसतोडीची बायामाणसं हे ऐकून हसली, कारण फडावर राहायची पाचटाची कोपी उभी करताना तीही नेमकं हेच करतात. मग केबिनीखालून बाभळीचे तीन लांब वासे आडवे घातले, दोन्ही बाजूंना टोकं बाहेर काढून. एका बाजूला गडी उभे राहिले, दुसऱ्या बाजूला बाया.

हाळी भिमाबाईने दिली. ऊस भरताना द्यायची तीच.

"हं... घ्या गं!"

आणि घोळ झाला. गड्यांनी वासे उचलले ते खांद्यावर, कारण गडी ओझं खांद्यावर घेतो. बायांनी उचलले ते डोक्यावर, कारण उसाची मोळी डोक्यावर जाते, आणि वर्षानुवर्षं ही हाळी ऐकली की बाईचे हात आपोआप डोक्यापर्यंत जातात. एक बाजू वर, एक बाजू खाली. केबिन कलली, गड्यांकडे घसरली, गडी "आयोऽ" करत बाजूला झाले आणि ती पुन्हा गाडीच्या सांगाड्यावर आदळली. पुढच्या काचेची चौकट वाकली. कचरूचा पाय थोडक्यात वाचला. होले उडून गेले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. गडी म्हणाले, बायांनी घाण केली. बाया म्हणाल्या, गड्यांना उंची नाही. कचरू आपला पाय चोळत म्हणाला, "पुरं झालं. उद्या बैल सांगतो."

भिमाबाईला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. आयुष्यात इतकी लाज तिला नव्हती वाटली. पण ती पळाली नाही. ती त्या कलत्या केबिनीकडे बघत उभी राहिली आणि तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"चूक माजी हाय," ती मोठ्याने म्हणाली. बाया चमकल्या, कारण हे वाक्य तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "हाळी माजी, अन् हाळी बायांची हाय. मग गडी कशाला? वजन जादा न्हवतं. कलली म्हनून पडली. समद्या बायाच लागू."

"बायांच्या डोक्यावर गाडी?" कचरू म्हणाला.

"गाडी न्हाई, केबिन. अन् उसाच्या मोळ्या काय तुमच्या डोक्यावरनं फडाच्या भाईर आल्या?"

गडी वाशांपासून बाजूला झाले. पण अवघड गोष्ट पुढे होती. डोक्यावरचं ओझं जमिनीवर टेकवणं उचलण्यापेक्षा वाईट. वाकताना एखादीचा जरी तोल गेला तरी पुन्हा तेच. शहादेवला कोडं पडलं. भिमाबाईला पडलं नाही.

"खाली उतरवायचीच कावून? कोपीला मेढी रोवतो तशा रोवा. दोन आळी, बायांच्या डोक्याच्या उंचीला. केबिन डोक्यावरनं सरळ मेढींवर ठिवू."

शहादेवने कपाळावर हात मारला. "पलटणीत हे कुनाला सुचलं नसतं."

"पलटणीत बाया न्हवत्या," भिमाबाई म्हणाली.

गड्यांनी मग मन लावून काम केलं, हे कबूल करायला हवं. गाडीच्या मागे, नाल्याच्या सपाट काठावर, बाभळीची दुबेळकी खोडं निवडून खोल खड्डे घेऊन पुरली, भोवती दगड ठोकले, वरून लांबीला वासे टाकले. दोन्ही ओळींच्या मधे केबिन मावेल आणि बाहेरून बाया चालतील, असं अंतर धरलं. शहादेवने स्वतः लोंबकळून एकेक मेढ तपासली.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ऊन असं की लोखंडाला हात लावावा तर चटका. म्हणून पहाट फुटता फुटता सगळी वस्ती नाल्यावर जमली. गावातूनही लोक आले, तमाशा बघायला. सुंदररावांचा सालगडी आला होता, म्हणजे बातमी वाड्यावर पोचणार होती. बायांनी पदर खोचले, डोक्यावर चुंबळी ठेवल्या, तोंडं मेढींकडे केली आणि त्या वाशांखाली वाकल्या.

"हं... घ्या गं!"

केबिन उठली. करकरली, धूळ गाळली, आणि उठली. सांगाड्याच्या वर हातभर मोकळं आभाळ दिसलं. एकही बाई हलली नाही. मग भिमाबाईने दुसरी हाळी दिली आणि दोन्ही ओळी चालायला लागल्या, सांगाड्याच्या दोन्ही अंगांनी, जड पण एका लयीत, एक पाय सगळ्यांचा, दुसरा पाय सगळ्यांचा. त्यांच्या डोक्यांवरून ती हिरवट, पोपडे सुटलेली केबिन लग्नातल्या मांडवासारखी डुलत निघाली. तमाशाला आलेले लोक टोप्या हातात घेऊन उभे राहिले. भिमाबाईच्या मानेत कळ उठत होती, घाम डोळ्यांत उतरत होता आणि तिला इतका आनंद होत होता की ती मोठ्याने हसली. तिचं हसू ऐकून दुसरी हसली, तिसरी हसली. गडी घाबरून ओरडायला लागले, "आगं हसू नका, पाडचाल!" पण हसत हसतच त्यांनी केबिन मेढींवर ठेवली, आणि ती ठेवल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

मग गहिनीनाथ लोहाराने नाल्यातच भाता मांडला. बैलगाडीच्या मोडक्या चाकांची लोखंडी धाव ठोकून त्याने जाड पट्टी बनवली आणि चिरलेल्या कण्याला दोन्ही बाजूंनी लालभडक रिबिटा मारून बसवली. घण मारताना तो म्हणायचा, गाडीचा बाकी सांगाडा मोडेल पण हा जोड नाही मोडायचा. माझ्या मागं नातवंडं बघतील. शहादेवने इंजिन उघडलं, धुतलं, पुन्हा बांधलं, आणि मागच्या सांगाड्यावर फळ्या ठोकून पिंपं ठेवायला तळ केला. जुने टायर मिळवले, ट्यूबांचे इतके पंक्चर काढले की मूळचं रबर शोधावं लागे. मेढींवरच्या केबिनीखाली दुपारी सावली पडायची, त्या सावलीत कामकरी जेवायचे. वाकलेली चौकट गहिनीनाथने तिथेच सरळ केली. आणि एका सकाळी बाया पुन्हा चुंबळी घेऊन आल्या, केबिन डोक्यावर घेऊन उलट्या वाटेने गेल्या, आणि ती तिच्या भोकांवर भोकं जुळून बसली. शहादेवच्या बांबूंनी तिला तोंड वासू दिलं नव्हतं. दारं लावली तर तीही लागली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शहादेवने गाडीच्या नाकात हँडल घातलं. फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. गाडी खोकली. आणखी एकदा, आणि तिने काळा धूर सोडून असा काही आवाज केला की नाल्यातली मेंढरं उधळली. वस्तीची पोरं नाचायला लागली. शहादेव आत चढला, गाडी हलली, नाल्याचा चढ चढायला लागली, आणि अर्ध्या चढात बंद पडली.

त्याने उतरून हँडल मारलं. नाही. कचरूने मारलं. नाही. हात भरून आले, तळव्यांना फोड आले.

वरच्या अंगाला सुंदरराव येऊन उभे होते. त्यांच्या गड्याने बैलजोडी आणली होती, आणि दोर.

"भिमे," सुंदरराव वरून म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, खरं सांगायचं तर थोडी कीवच होती, "लई केलंस. आता बैल लाव. कुनी हसनार न्हाई."

कीव चेष्टेपेक्षा वाईट लागते. भिमाबाईने गाडीकडे बघितलं. कचरू तिच्याकडे बघत होता. वस्तीतल्या सगळ्या बाया तिच्याकडे बघत होत्या.

"शहादेव," ती म्हणाली, "ही मागनं ढकलल्यावर चालू व्हती का?"

"व्हती की. गियरात टाकून ढकलली तर धक्क्यानं व्हती. पन चढ हाय. एवढा जोर..."

"वैनी, ढकललेलं चालतं व्हय?" कचरूने हळूच विचारलं. त्याच्या तोंडावर शंका होती आणि डोळ्यांत हसू.

"चालतं. वढनारा म्होरं असतो अन् मागं मढं असतं. ढकलनाऱ्याच्या म्होरं वाट असती." आणि ती गाडीच्या मागे गेली.

सगळे गेले. बाया, गडी, गहिनीनाथ, पोरं. गाडी वीतभर सरकली आणि थांबली. पुन्हा वीतभर. मागे हात लावायला जागा उरली नव्हती, तरी जोर कमी पडत होता. तेवढ्यात चढावरून एक बाई खाली आली, लुगड्याचा काठ जरीचा, हातात रिकामी कळशी. सुंदररावांची बायको केसरबाई. वाड्याची विहीरही आटली होती, हे बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. तिने कळशी दगडावर ठेवली, भिमाबाईच्या शेजारी जागा केली आणि दोन्ही हात लोखंडाला लावले. तिच्या पाठोपाठ गावच्या बाया उतरल्या.

"केसर!" वरून सुंदरराव ओरडले.

"तुमी बैलाला धरून बसा," केसरबाई वर न बघता म्हणाली. "भिमाबाई, हाळी दे."

भिमाबाईने हाळी दिली. चढावरच्या सगळ्या बायांनी, वस्तीच्या आणि गावच्या, एकदम रेटा दिला. गाडी चढाच्या माथ्यापर्यंत गेली, शहादेवने क्लचवरचा पाय सोडला, एक गचका बसला, आणि इंजिन पेटलं. या वेळी ते खोकलं नाही. सरळ गुरगुरायला लागलं आणि गाडी पुढे पळाली. ढकलणाऱ्या निम्म्या बाया धुळीत तोंडावर पडल्या, त्यात केसरबाईही होती. पडल्या पडल्याच त्या हसत सुटल्या.

"आरं थांब बे!" भिमाबाई धावत ओरडली.

"थांबलो तर पुन्ना बंद पडंल!" शहादेव खिडकीतून ओरडला आणि निघून गेला. सुंदररावांचे बैल आवाजाने बिथरून दोर घेऊन शेतात पळाले, त्यांच्यामागे गडी पळाला, आणि गडी सांभाळेना म्हणून शेवटी धोतर सावरत चेअरमनसाहेबही पळाले.

भिमाबाई वस्तीत पोचली तेव्हा गाडी आंब्याच्या वठलेल्या झाडाखाली धडधडत उभी होती. शहादेव इंजिन बंद करायला तयार नव्हता. वस्ती भोवती गोळा झालेली. पोरांकडून नाल्यावरची हकीकत केसरबाईच्या रिकाम्या कळशीसकट ऐकून मनकर्णा गर्दीतून वाट काढत, हात पुढे करून चाचपडत आली. कुणीतरी तिला नाकाजवळ नेलं. तिने पत्र्यावर तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला.

"अगंबाई! हिचं आंग लई तापलंय."

"लई दिवसांनी चाललीय, आत्या," भिमाबाई धापा टाकत म्हणाली.

"मंग बघत काय बसलाव? तहानली आसंल ती."

शहादेव हसला. "खरं हाय म्हातारीचं. रेडिएटरात पानी घालावंच लागंल, न्हाईतर विहिरीपर्यंत जायची न्हाई."

वस्तीत त्या घटकेला पाणी होतं ते प्रत्येकाच्या घरात तांब्या-दोन तांब्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मनकर्णाने कुणाची वाट बघितली नाही. ती सुनेचा हात धरून घरात गेली, कोपऱ्यातलं मडकं कवटाळून बाहेर आली आणि त्यात दोघींसाठी संध्याकाळपर्यंत जेवढं होतं तेवढं सगळं गाडीच्या तोंडात ओतलं. एक थेंब सांडला नाही. मग तिने रिकामं मडकं भिमाबाईच्या हातात दिलं.

"जा," ती म्हणाली. "हिला घेऊन जा अन् भरून आन. अन् येताना केसरबाईच्या दारावरनं ये."

कचरूने पिंपं चढवायला सुरुवात केली. भिमाबाई मडकं मांडीवर घेऊन शहादेवच्या शेजारी बसली, दार ओढून लावलं, आणि गाडी टेकडीच्या वाटेला लागली.